दक्षिणेकडचं दार

गेल्या वर्षी आमच्या मंडळाचा गणपती गावाकडे पाठ करून बसला होता. त्याला तसं बसवण्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सगळ्यांना नावं ठेवणार आहे, आणि मग वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई स्वतः कुठे होती? मी तिथेच होते. लॅमिनेशन मशीनपाशी.

आमचं गाव अमेरिकेतल्या कॅरी या शहरापासून पाऊण तासावर. नवरा आणि मी दोघंही रोज तिकडे ड्राइव्ह करतो. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी औषधांच्या कंपनीत चाचण्यांचे निकाल तपासते. गावाला एकच मोठा रस्ता. त्यावर कोर्टाची इमारत, एका जुन्या बँकेत थाटलेलं कॉफीचं दुकान, आणि उत्तरेच्या बाजूला लाल विटांची एक दुमजली इमारत, जिला म्हातारे लोक अजूनही ‘फाइव्ह अँड डाइम’ म्हणतात. म्हणजे पाच नाहीतर दहा सेंटला काहीही मिळायचं असं दुकान. सुया, रिळं, कंगवे, काचेचे बाऊल, खेळण्यातल्या बंदुका, पिंजऱ्यातले पोपटसुद्धा. आपल्याकडे जत्रेत ‘हर माल’ची गाडी लागते, तिलाच कुणी पक्क्या भिंती आणि मोठाल्या काचा दिल्या तर जे होईल ते हे दुकान.

ते बंद पडून जमाना झाला. मग तिथे फर्निचर विकलं गेलं, मग गालिचे, मग गिटार वाजवणारं एक चर्च आलं, मग कराटेचा क्लास, मग जुन्या वस्तूंचे गाळे, आणि शेवटी काही वर्षं नुसती कबुतरं. एका नव्या मालकानं ती विकत घेतली, छताच्या नक्षीदार पत्र्याला पांढरा रंग मारला आणि ‘हॉल भाड्याने’ अशी पाटी लावली. आमच्या मंडळानं तीन वर्षांचा करार केला. रविवारी मराठी शाळा, बाकी संक्रांत, पाडवा, गणपती. शाळांच्या कॅफेटेरियांतून तेलाचे डबे वाहून कंटाळलेल्या आम्हा बायकांना तर स्वर्ग मिळाला.

मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली. पुढचं दार रस्त्यापासून चार पावलं आत, दोन्ही बाजूंना गोल वळलेल्या काचा, आणि पायाखाली रंगीत खड्यांची घोटीव फरशी. तिच्यात पितळी पट्ट्यांनी दुकानाचं नाव बसवलेलं. आत डाव्या भिंतीलगत जमिनीवर ओळीनं गोल डाग होते, ताटलीएवढे. मोजले तर चौदा. कसले ते कळेना. ते मला मावशींनी सांगितलं.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहणाऱ्या कृष्णवर्णीय बाई, ऐंशीला टेकलेल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, अजूनही कपडे दुरुस्त करून देतात. माझे भारतातून शिवून येणारे सगळे ब्लाउज त्यांच्याकडेच जातात. शिवणीतली माया किती सोडायची हे त्यांना माझ्याकडे नुसतं बघून कळतं आणि त्या ते तोंडावर सांगतातही. त्यांना काय म्हणू असं मी विचारलं होतं. आमच्याकडे आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, असं सांगितल्यावर त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि ठेवून घेतला.

आमचं मंडळ त्या इमारतीत भरतं हे बोलण्यात निघालं, तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी नीट उशीला टोचल्या आणि मग म्हणाल्या, “डावीकडे खायचं काउंटर होतं. ते डाग स्टुलांचे.”

त्यांची आई त्या काउंटरच्या मागच्या स्वयंपाकघरात होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सँडविच भाजायची, भांडी घासायची, आणि ये-जा करायची मागच्या गल्लीतल्या दारानं. मावशी शाळा सुटली की त्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. आई कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर द्यायची, ते त्या कचऱ्याच्या पिंपांजवळ उभ्या उभ्या खायच्या. पुढच्या दारानं आत जायला बंदी नव्हती. रिबिनी घ्या, रिळं घ्या, पैसे द्या. फक्त बसायचं नाही. स्टुलं गोऱ्यांची. “मग कायदा बदलला,” मावशी म्हणाल्या. “सगळ्यांना बसू द्या म्हणे. तर मालकानं एका रात्रीत चौदाच्या चौदा स्टुलं उखडून टाकली. आता सगळे उभ्यानं खा. आई म्हणाली, चल, निदान उभ्यानं खाऊ. मी गेले नाही. मला बसायचं होतं.” आणि मग त्यांनी माझा हात वर करायला सांगून काखेतलं माप घेतलं.

मला असल्या वेळी गप्प राहता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही आमच्या गणपतीला जेवायला या. पुढच्या दारानं या. जिथे ते डाग आहेत तिथेच मी टेबल मांडते, तिथे बसून पोटभर जेवा. त्या टेप गुंडाळत गुंडाळत म्हणाल्या, “मग टोपी घालावी लागेल.” चर्चला जातानाची त्यांची टोपी म्हणजे साधं काम नाही. ती डब्यातून निघाली म्हणजे बाईंनी मनावर घेतलं.

हे जूनमध्ये. जुलैत कमिटीची मीटिंग झाली, आमच्याच घरी, कारण अध्यक्ष माझा नवरा. आदल्या वर्षी आरतीच्या वेळी लाइट गेले होते. संक्रांतीला केटररनं ऐन वेळी ऑर्डर कॅन्सल केली. दोन सभासदांच्या नोकऱ्या गेल्या. आणि ग्रीन कार्डं तर सगळ्यांचीच अडकलेली. हे सगळं एका माळेत ओवून कुणीतरी म्हणालं, त्या जागेचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे. मग एका सभासदाचे सासरे पुण्यात वास्तूचं बघतात, त्यांना व्हिडिओ कॉल लागला. काकांनी फोनमधला कंपास बघायला लावला, नकाशा उलटा-सुलटा करून मागितला आणि जाहीर केलं, “मुख्य दार दक्षिणेला. यमाची दिशा. ते बंद करा. मागे उत्तरेला दार आहे ना? कुबेराची दिशा. तिथूनच सगळ्यांना आत घ्या.”

माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. ग्रीन कार्डांची रांग काय आमच्या हॉलच्या दारातून जात होती? पण मी बोलले नाही. सणाच्या तोंडावर कुठे वाद घाला, एवढाच विचार केला आणि चहा ठेवायला उठले. दार मागचं असो की पुढचं, मोदक तेच, असंही म्हणाले मी. हसले होते सगळे.

मावशींची आठवण मला तेव्हा झाली नाही. जूनमध्ये ऐकलेलं जुलैत विसरले असं नव्हे. विचारलं असतंत तर सगळं सांगितलं असतं, सँडविचच्या कागदापर्यंत. पण ते एका कप्प्यात होतं आणि वास्तूवाले काका दुसऱ्या कप्प्यात, आणि मधे मी, बावन्न वर्षांची शिकलेली बाई, निकालांतल्या चुका शोधण्याचा पगार घेणारी. मला आजही सगळ्यात जास्त राग याचा येतो.

पुढच्या दाराला आतून लागून प्लायवूडचं मखर उभं राहिलं, त्याला कांजीवरमच्या साड्यांचा पडदा. गणपतीच्या पाठीत दारिद्र्य असतं म्हणतात, म्हणून त्याची पाठ आपल्या लोकांकडे नको, रस्त्याकडे असलेली बरी, हेही ठरलं. म्हणजे दारिद्र्य गावाला आणि कृपा आपल्याला. हे वाक्य मी आज लिहितेय. तेव्हा मी पाट्या करत होते. ‘पार्किंग इकडे’, ‘चपला इथे’, ‘डायपर टाकू नये’, आणि पुढच्या काचेसाठी इंग्रजीत, ‘प्रवेश मागच्या बाजूने’, खाली गल्लीकडे वळलेला जाडजूड बाण. ऑफिसच्या प्रिंटरवर काढल्या, घरी लॅमिनेट केल्या आणि स्वतःच्या हातानं चिकटवल्या.

मागच्या गल्लीत मात्र आम्ही कमाल केली. शेजारच्या पिझ्झावाल्याच्या कचऱ्याच्या पेटीला फुलांचा पडदा, दाराला तोरण, केळीचे खांब, आणि त्या तेलकट डांबरावर आठ फुटांची संस्कारभारती रांगोळी. लोक तिच्यासोबत सेल्फी काढत होते.

शनिवारी महाप्रसाद होता. पावणेबाराला मी डावीकडच्या त्या टेबलावर पांढरी चादर घालत होते, स्टीलचं ताट-वाटी मांडत होते, आणि फोन वाजला. मावशी म्हणाल्या, “पोरी, मी पुढे उभी आहे. दार बंद आहे. इथे एक पाटी आहे.”

त्या क्षणी दोन्ही कप्पे एकमेकांवर आदळले. मी “थांबा, आलेच” म्हणून पळाले ते मखराच्या मागे, साड्या बाजूला सारत. काचेपलीकडे त्या होत्या. जांभळी टोपी, जांभळाच ड्रेस, एका हातात काठी, दुसऱ्यात केकचा डबा. पाटीकडे बघत होत्या. मी दाराचा आडवा दांडा ढकलला तर तो हलेना. पोरं उघडतील म्हणून नवऱ्यानं त्याला नायलॉनची दोरी बांधून गाठीवर गाठी मारल्या होत्या. मी काचेतून हातानं थांबा थांबा करत होते. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

मी सुरी आणायला धावले तर मखराच्या मागेच नवरा आडवा आला. “अगं, काय करतेयस? प्रतिष्ठापना झालीय. आता देवाच्या पाठीमागचं दार उघडायचं?”

“बाहेर मावशी उभ्या आहेत.”

“मग मागून बोलाव ना यार. एवढी छान रांगोळी आहे. एक मिनिट लागेल.”

“त्या मागून येणार नाहीत. त्यांनी मागून का यायचं?”

“सगळेच मागून येतायत! मी अध्यक्ष आहे, मीपण मागूनच आलो. यात इन्सल्ट कसला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे उत्तर बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. सगळ्यांना सारखंच. त्या मालकानं नाही का स्टुलं काढून सगळ्यांना सारखंच उभं केलं होतं! मी तिथे, मखराच्या मागूनच, दीडशे माणसांना ऐकू जाईल असं ओरडले की आग लागली तर हे बांधलेलं दार तुम्हाला कुबेराकडे नव्हे, थेट यमाकडेच नेईल, आणि आत्ता दोरी कापली नाही तर मी फायर मार्शलला फोन करीन. एक काकू म्हणाल्या, “अगं, देवासमोर असं बोलू नये.” मी म्हटलं, “काकू, आपण देवाच्या मागे आहोत.” कुणीतरी हसलं. मी हसवायला बोलले नव्हते.

दोरी कापायला चार मिनिटं लागली. साडीचा पदर अडकला, मखराची एक कमान पडली. दार उघडून मी बाहेर आले तोवर त्या पितळी अक्षरांवर कुणीही नव्हतं.

आणि मग मी काय केलं? आपण लोक काय करतो? डबा भरला. त्या जेवायला येऊ शकल्या नाहीत ना, मग त्यांच्यासाठी डबा. पाच मोदक, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, वर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवून. माझ्या मनात माया होती हो, खोटं कशाला बोलू. तशीच गाडी काढून त्यांच्या घरी गेले आणि बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. टोपी काढून ठेवलेली होती, केस जरा चपटलेले. मी माफी मागत मागत डबा पुढे केला, दारातूनच. त्यांनी त्या फॉइलकडे पाहिलं आणि मला कळलं की मी काय घेऊन आलेय.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “तिथे ठेव, बाकावर.” मी ठेवला. “दार का नाही ठोकलंत तुम्ही?” मी मूर्खासारखं विचारलं. “पाटी होती ना,” त्या म्हणाल्या. “मला वाचता येतं.” मग उन्हात उभी राहू नकोस, घरी जा, म्हणून त्यांनी मलाच सांगितलं.

महिनाभर मी नवऱ्याशी कामापुरतंच बोलले. तो वाईट माणूस नाही. खरं तर त्यालाही लागलं होतं. दोनदा मावशींकडे जाऊन आला, त्यांच्या छपराची पन्हळ साफ करून दिली, अंगणातली पानं ओढून दिली. पण विषय निघाला की म्हणायचा, पुढच्या वर्षी बोलावू ना, व्हीआयपी पाहुण्या म्हणून बोलावू. ऐंशीच्या बाईला पुढच्या वर्षीचा वायदा. आणि व्हीआयपी कशाला? त्यांना खुर्ची हवी होती. नुसती खुर्ची.

दिवाळीनंतर हॉलवर झालेल्या मीटिंगला मी लेखी मागणी दिली. पुढचं दार उघडा, सगळ्यांसाठी, कायमचं, नाहीतर मी मराठी शाळा शिकवणार नाही. मावशींची सगळी गोष्ट वाचून दाखवली. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी म्हणालं, हे आपण न्यूजलेटरमध्ये छापलं पाहिजे. मग मला बाहेर बसायला सांगितलं, कारण माझा नवरा अध्यक्ष आणि हितसंबंधांचा प्रश्न. तो मात्र आत बसला. पुण्याला परत फोन लागला. काकांनी मध्यममार्ग सुचवला आणि तो एकमतानं पास झाला.

नवरा बाहेर आला तो हसतच. मला वाटलं, जिंकलो. म्हणाला, “झालं तुझ्या मनासारखं. पुढचं दार उघडणार. अमेरिकन पाहुणे पुढच्या दारानं येतील, त्यांना काही दोष लागत नाही म्हणाले काका. आपली माणसं मागच्या. दोन्ही दारं चालू. सगळे खूश.”

माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू ओसरलं आणि त्यानं विचारलं, “आता काय झालं?” अकरा माणसं होती त्या खोलीत. सगळी पदवीधर, दोन डॉक्टरेट. त्या इमारतीत, सगळी गोष्ट ऐकून, डोळे पुसून, त्यांनी माणसं बघून दारं वाटली होती आणि एकालाही आपण काय केलं ते दिसलं नव्हतं. मी शाळा सोडली. अजून सोडलेलीच आहे. नवरा म्हणतो ताणतेयस. ताणतेय.

हे मी मावशींना सांगितलं, एक ब्लाउज आणायला गेले तेव्हा. दोन दारांचं ऐकल्यावर त्या हसायला लागल्या. मशीनवरचा हात काढला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि परत हसल्या. मला हसता येईना. मग त्या जरा शांत झाल्या आणि अगदी साधेपणानं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, त्यांनी विचारलं, “तुम्ही तर इतक्या लांबून आलात. तुम्हाला हे कुणी शिकवलं? इथल्यांनी?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

साफ खोटं. नागपूरला आमच्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मागच्या दाराबाहेर कोनाड्यात पालथा घातलेला. का वेगळा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांना चहा द्यायचं काम माझं होतं. त्या पायरीवर बसून कप पुढे धरायच्या, मी उंबऱ्याच्या आत उभी राहून वरून धार सोडायचे, पातेलं कपाला लागू न देता. एक थेंब सांडत नाही म्हणून आई माझं कौतुक करायची.